लेख टिकवावयाचा कशावर?

जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर येथे कागजी कुटुंबे पिढ्यानपिढ्या हातकागद तयार करीत आली आहेत. सुती चिंध्या कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदातील पाण्यात ढवळून जाळीवर उचलावयाचा आणि दाबून वाळवावयाचा, अशी ही कृती आहे. संगणकाच्या युगात असा कागद केवळ शोभेपुरता उरला, असे पुष्कळांस वाटते. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक लेखाचे गुण निर्विवाद आहेत. त्याची प्रत क्षणात निघते. सहस्रावधी पानांतून हवा तो शब्द सापडतो. एक इमारत जळाली तरी अन्यत्र ठेवलेली प्रत वाचते. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने त्यास कायद्याची मान्यताही दिली. परंतु तो लेख नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या खुणा अक्षरांत उलगडणारे यंत्र आणि त्या यंत्राची आज्ञावली, दोन्ही जिवंत असावी लागतात.

इंग्लंडात १०८६ साली चर्मपत्रावर लिहिलेली ‘डूम्सडे’ नावाची जमीनमोजणीची वही आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने देशाची नवी माहिती लेसर तबकड्यांवर नोंदविली. पुढील पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि ती माहिती सोडविण्यास संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले.

अर्थात कागद तेवढा टिकाऊ, असेही नव्हे. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन राहते, तुरटीच्या खळीने आम्लता येते, आणि असा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सुती चिंध्यांत लिग्निन जवळजवळ नसते व त्यांचे तंतू लांब असतात. म्हणून आम्लरहित खळीचा तसा कागद, वाळवी व ओल यांपासून जपल्यास, शतके टिकतो.

तेव्हा प्रश्न दोहोंपैकी एकाची निवड करण्याचा नाही. शोधण्यासाठी व वाटण्यासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत वापरावी, आणि वेळोवेळी ती नव्या साधनावर उतरवीत राहावे. मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरासारखी नोंद, जिच्यावर पन्नास वर्षांनीही एखाद्याची जन्मतारीख ठरते, ती उत्तम कागदावरही असावी. प्रतिमा घेतल्या म्हणून मूळ वही रद्दीत घालणे ही काटकसर नव्हे. तो पुढील पिढीचा पुरावा मोडीत काढणे होय.