‘हिरव्या’ फंडांना नियमांची वेसण

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापलेला असतो. तेवढी उगवण झाली नाही, तर शेतकरी लेबल घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. शेअर बाजारातल्या ‘हिरव्या’ फंडांच्या पिशवीवर मात्र बरीच वर्षे नुसते नावच होते. पर्यावरण जपणाऱ्या, कामगारांना नीट वागवणाऱ्या कंपन्यांत पैसा घालतो, असे सांगायचे. आत काय भरले आहे ते कोण बघतो?

युरोपात १० मार्च २०२१ पासून फंडांना माहिती उघड करण्याचा कायदा लागू झाला. त्यातले ‘कलम ९’ म्हणजे सर्वांत हिरवा फंड, ‘कलम ८’ म्हणजे त्याखालोखाल. फंडवाल्यांनी ही कलमे बिल्ल्यासारखी छातीवर लावली. पण १ जानेवारी २०२३ पासून बारीक तपशील द्यावा लागणार म्हटल्यावर २०२२ च्या अखेरीस अनेक फंड आपणहून नवावरून आठावर उतरले. पुढे नावाचाही नियम आला : हिरवे नाव लावायचे तर किमान ८० टक्के पैसा त्याच हेतूने गुंतवा. जुन्या फंडांना २१ मे २०२५ पर्यंत मुदत होती. काहींनी शेअर बदलले, पण शेकडो फंडांनी सरळ नावच बदलून टाकले. माल तोच, पाटी दुसरी!

आपल्याकडे सेबीने जुलै २०२३ मध्ये अशा फंडांचे सहा प्रकार ठरवले. पूर्वी एका फंड कंपनीला अशी एकच योजना काढता येई. आता प्रत्येक प्रकारात काढता येते. मात्र ८० टक्के पैसा त्या प्रकारातच हवा. शिवाय किमान ६५ टक्के पैसा अशा कंपन्यांत हवा, ज्यांच्या अहवालातले मुख्य आकडे त्रयस्थाने तपासले आहेत. ही तपासणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली. २०२६-२७ पर्यंत ती पहिल्या हजार कंपन्यांपर्यंत न्यायची आहे.

इथे एक गोम आहे. तपासलेले अहवाल आधी बड्या कंपन्यांकडेच आले, म्हणून फंडांचा ओढाही तिकडेच. तालुक्याच्या गावात चांगले काम करणारा छोटा कारखाना शेअर बाजारात नसेल, तर फंडाला तो दिसतच नाही.

मग गावाचा याच्याशी संबंध काय? आहे, आणि जवळचा आहे. त्या मुख्य आकड्यांत कंपनीने किती पाणी वापरले, लहान उत्पादकांकडून किती माल घेतला, लहान गावांतल्या कामगारांना किती पगार दिला आणि मालाचे पैसे किती दिवसांनी चुकते केले, हे सगळे येते. ज्याचा माल कंपनीला जातो, त्याच्यासाठी हा शेवटचा आकडा लाखमोलाचा. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, असा नियम १९६६ च्या आदेशापासून आहे. तरी थकबाकी काही नवी नाही. पण लक्षात घ्या, सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नाहीत, त्यांना हा अहवाल लागू नाही. तिथे सभासदालाच वार्षिक सभेत विचारावे लागेल.

आणखी एक गोष्ट. हे आकडे बहुधा सगळ्या कंपनीचे एकत्र असतात. आपल्या शिवारातल्या कारखान्याने किती पाणी उपसले, ते त्यातून कळतेच असे नाही. म्हणून गावाशेजारी अशी मोठी कंपनी असेल, तर ग्रामसेवकांनी तिचा अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून काढावा, आणि ग्रामसभेने ठराव करून स्थानिक कारखान्याचे आकडे लेखी मागावेत. कंपनीचा माणूस खत-पाण्याची माहिती लिहून घ्यायला बांधावर आला, तर ती कशासाठी हे विचारून नक्कल मागून घ्यावी.

फंडांनी नियमाशी जुळवून घेतले ते पाटी बदलून की माल बदलून, याचा अर्धा निकाल मुंबईत लागेल. उरलेला अर्धा लागेल तो विहिरीच्या पातळीवर आणि शेतकऱ्याच्या पासबुकात.