तुमचा नंबर कितवा?

लोहगावहून झेपावणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसायचं स्वप्न तुमच्यापैकी अनेकांचं असेल. तिथे कॅप्टनची खुर्ची कधी मिळणार, हे बरंचसं ठरतं सिनिऑरिटीच्या यादीवर. मग दोन कंपन्या एक झाल्या, तर कुणाचा नंबर आधी?

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. कंपनी एक झाली, पण पायलटांच्या संघटना दोन, पगाराचे नियमही दोन. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे पायलट समान पगारासाठी संपावर गेले. २०१२ मध्ये ड्रीमलायनरचं ट्रेनिंग त्यांनाही मिळणार म्हणताच मूळ एअर इंडियाच्या पायलटांनी ५८ दिवस संप केला. बढती लांबेल ही भीती खोटी नव्हती. पण लढाई आपल्याच सहकाऱ्यांशी झाली आणि हाल प्रवाशांचे झाले.

‘युनियनची दादागिरी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण यादी कशी लागणार हे न ठरवताच संसार थाटून देणाऱ्यांचं काय?

२०२४ मध्ये विस्ताराही एअर इंडियात विलीन झाली. उद्या तुमची आयटी कंपनी किंवा बँकही होईल. तेव्हा नियम आधी लेखी मागा. एकट्याचं कुणी ऐकत नाही, म्हणून संघटना हवीच. फक्त ती दोन्हीकडच्यांची मिळून एक हवी.