पोलादाचा शिणवटा

रासायनिक कारखान्यात किंवा तेलशुद्धीकरण प्रकल्पात स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी 'पाईप अचानक फुटला' अशी बातमी छापून येते. त्यातील 'अचानक' हा शब्द पुष्कळदा निराधार असतो. पाईप फुटण्याच्या आधी कित्येक दिवस, कधी कित्येक महिने, तो थरथरत असतो. पाळीवरील कामगारांना ते दिसत असते, हाताला जाणवत असते, आणि एखादा अनुभवी फिटर त्या पाईपाखाली लाकडाची पाचर ठोकून आपल्या परीने बंदोबस्तही करून जातो. कारखान्याच्या दप्तरात मात्र या थरथरीला जागा नसते.

लोखंडी तार एका हिसक्यात तुटत नाही, पण दहा-वीस वेळा इकडेतिकडे वाकविली की तुटते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने गेल्याच्या आधीच्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा हे ज्ञान नवे नाही. एका वेळी सहज पेलवणारा ताण लक्षावधी वेळा उलटसुलट पडला तर धातूत बारीक भेग पडते आणि ती मुकाट्याने वाढत जाते. कारखान्यांतील पाईपांचे दुबळे ठिकाण म्हणजे वेल्डिंगचा सांधा. तेथे आकार एकदम बदलतो, वितळून थिजलेल्या धातूत ताण अडकून राहतो आणि सांध्याच्या कडेला सूक्ष्म खाचा असतात. भेगेला आरंभ करण्याचे श्रमही पडत नाहीत.

त्यातही घात करतात ते मुख्य पाईपाला वेल्ड केलेले छोटे फाटे. दाबमापक बसविण्यासाठी, हवा काढण्यासाठी, नमुना घेण्यासाठी दीड-दोन इंचांची नळी जोडतात आणि तिच्या टोकाला जड झडप लावतात. एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला वजन असलेली ही नळी पंपाच्या किंवा कॉम्प्रेसरच्या ठेक्यावर डोलू लागते. सेकंदाला 25 हेलकावे धरले तर दिवसाला 21 लाख 60 हजार होतात. एक कोटीचा आकडा पाचव्या दिवशी ओलांडला जातो. वेल्ड केलेल्या सांध्याचे आयुष्य ताणाच्या चढउताराच्या साधारण घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे चढउतार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येते. शिवाय कारखाना सुरू करण्यापूर्वी पाईपात पाणी भरून जी दाबाची चाचणी घेतात ती स्थिर दाबाची असते. तीत उत्तीर्ण झालेला फाटा आठवड्यात गळू शकतो. उत्तर समुद्रातील ब्रिटिश तेलक्षेत्रात झालेल्या वायू-तेलगळतींपैकी सुमारे एक पंचमांश गळतींचे कारण कंप आणि शिणवटा हेच होते, असे तेथील सुरक्षा खात्याच्या नोंदी सांगतात.

आता प्रश्न अर्थशास्त्राचा. आमच्या पाठ्यपुस्तकांत घसारा हा वर्षांनी मोजला जातो: यंत्राची किंमत भागिले आयुष्याची वर्षे. पोलाद वर्षे मोजत नाही, हेलकावे मोजते. जुन्या प्रकल्पातून, नवे पाईप न टाकता, अधिक उत्पादन काढले की व्यवस्थापक त्याला कार्यक्षमता म्हणतात आणि भागधारकांच्या सभेत टाळ्या पडतात. परंतु त्याच पाईपातून द्रवाचा वेग 20 टक्क्यांनी वाढविला तर पाईप हलविणारी प्रवाहाची ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे चढते. अधिक बळकट जातीचे पोलाद वापरून पाईपाची जाडी कमी करणे हीदेखील अशीच बचत. पोलाद बळकट झाले तरी वेल्ड केलेल्या सांध्याची शिणवटा सोसण्याची शक्ती त्या मानाने वाढत नाही; पातळ पाईप मात्र अधिक हलतो. ताळेबंदात जो नफा दिसतो त्यातील काही भाग हा सांध्यांच्या आयुष्याची उचल असते.

'बिनमहत्त्वाचा' सांधा किती महाग पडू शकतो हे 27 मार्च 1980 रोजी नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात दिसले. अलेक्झांडर कीलँड या तरंगत्या फलाटावर त्या संध्याकाळी 212 माणसे होती. तो कामगारांच्या निवासासाठी वापरात होता. त्याच्या पाच खांबांना जोडणाऱ्या जाड पोलादी नळ्यांपैकी एका नळीवर ध्वनिग्राहक यंत्र बसविण्यासाठी एक छोटी बैठक वेल्ड केलेली होती. वेल्डची जाडी अवघी 6 मिलिमीटर. भार वाहणारा भाग म्हणून या बैठकीचा कोणी विचार केला नव्हता. तिच्याच वेल्डमधून शिणवट्याची भेग नळीत शिरली. नळी तुटली, मागोमाग शेजारच्या नळ्या तुटल्या, एक खांब निखळला आणि सुमारे वीस मिनिटांत फलाट उलटला. 123 माणसे दगावली. चौकशीत भेगेच्या आत रंगाचे अंश आढळले. म्हणजे फलाट गोदीत असताना, रंगाचा हात फिरण्यापूर्वीच, तेथे तडा होता आणि त्यावरून रंगाऱ्याचा कुंचला फिरून गेला होता. त्या रंगाऱ्याला आम्ही दोष देत नाही. सांधा तपासण्याचे काम त्याचे नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांच्या यादीत तो सांधा बसत नव्हता.

हे सारे खाजगी नफ्याचे पाप आहे, मालकी सरकारची झाली की प्रश्न संपला, असे आमच्यातील काही साथी म्हणतील. त्यांनी जपानमधील मोंजू अणुभट्टीचे उदाहरण पाहावे. ती सरकारी महामंडळाची होती. 8 डिसेंबर 1995 रोजी तेथे वितळलेल्या सोडियमच्या पाईपातील तापमापकाचे आवरण प्रवाहाच्या कंपाने शिणून तुटले आणि शेकडो किलो सोडियम बाहेर पडून पेटले. किरणोत्सर्ग झाला नाही. पण महामंडळाने घटनास्थळाच्या चित्रफितीतील गैरसोयीचा भाग दडविला आणि ते उघड झाल्यावर लोकांचा विश्वास उडाला. भट्टी पुढे फारशी चाललीच नाही. 2016 मध्ये ती मोडीत काढण्याचा निर्णय झाला. मालकी बदलली तरी खालचा माणूस वर काय सांगू शकतो, हा प्रश्न शिल्लक उरतो.

आपल्याकडे तो अधिकच बिकट आहे. कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होतो तेव्हा फाटे वेल्ड करणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. सॉकेटच्या सांध्यात पाईप तळाला न टेकविता सुमारे दीड मिलिमीटर फट ठेवायची असते. नगावर मजुरी घेणाऱ्याला आणि 'कारखाना परवा सुरू झाला पाहिजे' हे ऐकणाऱ्याला ती फट परवडत नाही. पुढे पाईप हलू लागतो तेव्हा तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या ठेक्यावर असतो. त्याने काय पाहिले, कोठे घाई केली, हे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. कायम कामगाराला पाईपाचा पूर्वीचा आवाज आठवतो. ही स्मृती कारखान्याची मालमत्ता आहे आणि कायम नोकऱ्या कमी करताना तीही विकली जाते. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने निरीक्षकाला निरीक्षकाबरोबर 'सुविधाकर्ता'ही केले. सुविधा कोणाची, ते संहितेने स्पष्ट केले असते तर बरे झाले असते.

उपाय अवघड नाहीत. छोट्या फाट्याला आधार द्यायचा तो मुख्य पाईपावरूनच द्यावा, म्हणजे दोन्ही एकत्र हलतात. जमिनीवरून किंवा शेजारच्या खांबावरून दिलेला आधार उलट सांध्यावरच ताण आणतो. निरुपयोगी फाटे काढून टाकावेत. उत्पादन वाढविण्यापूर्वी कंप मोजावा. कारखान्यांतील आमच्या कार्यकर्त्यांना आणखी एक सुचवावेसे वाटते. येत्या करारात असे कलम असावे की थरथरणाऱ्या पाईपाची तक्रार कायम किंवा कंत्राटी कोणत्याही कामगाराला वहीत नोंदविता येईल, व्यवस्थापनाने ठरावीक मुदतीत कंप मोजून आकडा त्याच पानावर लिहावा, आणि मोजणी होईपर्यंत तक्रार करणाऱ्याची बदली होऊ नये. मालकपक्ष खर्च विचारील. हातात धरण्याचे एक कंपमापक आणि एक वही, एवढाच तो आहे. तिसऱ्या अटीवर मात्र वाटाघाटी लांबतील, आणि तेथेच नेटाने बसावे लागेल.