लाईट गेली, कॉम्प्युटरला कळलंच नाही!

शुक्रवारची संध्याकाळ. बदलापूर पूर्वेला सहाव्या मजल्यावर राहणारा आमचा एक मित्र ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणून दूध आणायला खाली उतरला. आभाळ भरून आलेलं. आणि... लाईट गेली! मित्र निवांत. टेबलाखाली यूपीएस आहे ना बॉस! पण लिफ्ट बंद, वर पाऊस. सहा मजले चढून भिजलेल्या अवस्थेत घरात शिरला, तर स्क्रीन काळी ठिक्कर आणि यूपीएसची टूंटूंसुद्धा थांबलेली.

लाईट आल्यावर मशीन सुरू झालं, पण डेटाबेसची फाइल कायमची गेली. दोन दिवसांचं काम पाण्यात. वर साहेबांचा मधाळ सल्ला, ‘घरून जमत नसेल तर ऑफिसला येत जा.’ बदलापूर ते सीएसएमटी, सुमारे दीड तास जायला आणि दीड यायला! ज्या तीन तासांसाठी त्याने घरून काम मागून घेतलं होतं, तेच आता पणाला लागले.

गंमत म्हणजे यूपीएसने त्याचं काम चोख केलं होतं. बिचाऱ्याने जीव जाईपर्यंत किल्ला लढवला. पण लाईट गेलीय, हे त्याने कॉम्प्युटरला सांगितलंच नाही. यूपीएस नुसता वीज पुरवत होता, बोलत नव्हता. आणि मित्राच्या मशीनवर होतं लिनक्स.

मुलुंडच्या पलीकडे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकांना बॅकअपचं महत्त्व शिकवावं लागत नाही. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आलं, आणि त्या काळात मुलुंडच्या अलीकडे झगमगाट, पलीकडे भारनियमन, असा सरळ हिशोब होता. इन्व्हर्टर तेव्हापासून आपल्या घरातला मेंबर. आणि १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? कळवा-पडघा लाइन्स बंद पडल्या आणि ऐन वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत मुंबईचीही लाईट गेली. त्या दिवशी मुंबईकरांना आपलं दुःख कळलं!

तर मंडळी, रविवारी आम्ही मित्राच्या टेबलाखाली शिरलो. जे सापडलं ते तुमच्याही कामाचं आहे.

आधी वायर बघा

यूपीएसला पॉवर केबल असते, तशी एक डेटा केबलही लागते. मित्राची केबल? खोक्यात, थर्माकोलच्या खाली, पिशवीतसुद्धा न उघडलेली! हसू नका, तुमचीही तिथेच असेल.

यूपीएसच्या पाठीमागे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी पोर्ट शोधा. काही मॉडेल्समध्ये ते नेटवर्कच्या पोर्टसारखं दिसतं. पण तिथे साधी लॅन केबल चालत नाही, कंपनीचीच लागते. काही यूपीएसवरचं यूएसबी तर फक्त मोबाइल चार्जिंगपुरतं असतं. आणि बरेचसे स्वस्तातले ६०० व्हीएचे डबे डेटा पोर्टशिवायच येतात. तसं असेल तर इथेच थांबा, कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्या मदतीला येणार नाही. उल्हासनगरच्या मार्केटमध्ये नवा यूपीएस घेताना म्हणूनच पहिला प्रश्न ‘बॅकअप किती?’ नाही, ‘डेटा पोर्ट आहे का, आणि केबल सोबत आहे का?’ हा विचारा.

दिसतोय, पण ओळखत नाही

केबल लावली. आता टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्या. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. केबल काढून एकदा, लावून एकदा बघा. यादीत एक ओळ वाढली तर वायर ठीक. वाढली नाही तर हब बाजूला ठेवा, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात थेट लावा, केबल बदला.

मित्राच्या यादीत ओळ वाढली. पण तिथे यूपीएसचं नाव नव्हतंच! ‘सायप्रेस सेमिकंडक्टर, यूएसबी टू सिरियल’ असं काहीतरी, नंबर ०६६५:५१६१. सेटिंग्जमधलं पॉवरचं पान मात्र कोरंच.

फंडा असा आहे. यूपीएस दोन प्रकारच्या भाषा बोलतात. एक यूएसबीची ठरलेली प्रमाणभाषा. ती बोलणारा यूपीएस लिनक्सच्या डेस्कटॉपला आपोआप कळतो, लॅपटॉपच्या बॅटरीसारखा टक्क्यांसकट दिसतो. दुसरी जुन्या सिरियल पोर्टच्या जमान्यातली बोली. बरेच स्वस्त यूपीएस आतून अजून तीच बोलतात, फक्त वर यूएसबीचा सदरा चढवलेला. डेस्कटॉपला ही बोली येत नाही. म्हणजे यूपीएस बिघडलेला नाही, दुभाषा हवाय!

दुभाष्याचं नाव नट

नेटवर्क यूपीएस टूल्स, लाडाने ‘नट’. फुकट आहे आणि उबुंटू, डेबियन, फेडोरा सगळीकडे मिळतं. इन्स्टॉल केलं की त्यातलाच ‘नट-स्कॅनर’ अॅडमिनच्या अधिकाराने चालवा. कुठला ड्रायव्हर लागेल ते तो सुचवतो. प्रमाणभाषेसाठी ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’, जुन्या बोलीसाठी ‘नटड्रायव्हर-क्यूएक्स’. त्याने दिलेल्या ओळी नटच्या ‘यूपीएस डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये टाकायच्या, आणि ‘नट डॉट कॉन्फ’मध्ये मोड ‘नन’ असतो तो ‘स्टँडअलोन’ करायचा. हे दुसरं विसरलात तर काहीच सुरू होत नाही.

आम्ही सगळं केलं, तरी परवानगी नाही असा मेसेज! अर्धा तास डोकं खाजवल्यावर उपाय निघाला अगदीच साधा. नट इन्स्टॉल झाल्यावर यूएसबी केबल एकदा काढून परत लावायची. परवानगीचे नवे नियम तेव्हाच लागू होतात. ‘बिझी’ असा मेसेज आला तर दुसरा कुठलातरी प्रोग्रॅम आधीच यूपीएसशी गप्पा मारतोय. एका वेळी एकच दुभाषा ठेवा.

मग ‘यूपीएससी’ कमांडपुढे यूपीएसचं नाव लिहा. ‘ओएल’ दिसलं म्हणजे लाईट आहे. भिंतीवरचं बटण बंद करा, ‘ओबी’ व्हायला हवं. झालं की समजा, जिंकलात!

ओळखला, आता पुढे?

नुसती ओळख पटून उपयोग नाही. बंद कधी व्हायचं तेही ठरवावं लागतं. प्रमाणभाषावाल्या यूपीएसबाबत डेस्कटॉप सर्वसाधारणपणे २ टक्के उरल्यावर हालचाल करतो. बॅटरी जुनी असेल तर ते २ टक्के यायच्या आधीच सगळं आडवं होतं. जुन्या बोलीत तर टक्के बहुतेकदा व्होल्टेजवरून मारलेला अंदाज असतो. म्हणून टक्क्यांच्या नादी न लागता आम्ही नटच्याच ‘यूपीएसशेड’मध्ये टायमर लावला. लाईट गेल्यावर पाच मिनिटं थांब, आली तर विसरून जा, नाही आली तर मशीन शांतपणे बंद कर.

आता इन्व्हर्टरवाल्यांसाठी. यूपीएस इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर इन्व्हर्टर चालू असेपर्यंत तो ‘ओएल’च दाखवणार, कारण त्याच्या मते लाईट आहेच. त्यात गैर काही नाही, यूपीएस ही शेवटची फळी. पण इन्व्हर्टर साइनवेव्हचा नसेल तर काही यूपीएसना ती वीज पसंतच पडत नाही. ते बॅटरीवरच राहतात आणि थोड्या वेळात मान टाकतात. घरात लाईट, पंखे सुरू आणि यूपीएस ओरडतोय असं होत असेल, तर हे तपासा.

गेल्या आठवड्यात परत वीज गेली. मित्र नेमका अंबरनाथला, बाइकवर. जीव मुठीत धरून घरी आला. मशीन बंद होतं. सुरू केलं, फाइल उघडली... सगळं जागच्या जागी! पाचव्या मिनिटाला कॉम्प्युटर स्वतःहून झोपला होता.

साहेबांना अजून काही कळलेलं नाही. सोमवारची लोकल मित्राशिवायच सुटली.

तुम्ही मात्र आज घरी गेलात की एवढंच करा... टेबलाखाली वाका, आणि ते खोकं उघडून थर्माकोलच्या खाली बघा!