भीतीचा जमाखर्च

१९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ सपशेल पडला. तरी एका प्रसंगाला थेटर दचकायचं: भेसूर मुखवटा चढवून चोरी करणारे पृथ्वीराज कपूर. रामसे बंधूंनी ते नेमकं हेरलं. लोक भ्यायलाच येत असतील, तर पूर्ण चित्रपटच भीतीचा का नको?

१९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यातून जन्मला. स्टुडिओचं भाडं परवडेना, म्हणून सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला हललं. कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. घरचीच माणसं राबली की पगारपत्रक आखूड होतं!

पात्रनिवडीतही तोच हिशोब. मोठा तारा परवडत नाही, आणि भुताला त्याची गरजही नसते. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी आठवतो? तो साकारणारे अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहरेपट्टी हेच भांडवल ठरलं.

या चित्रपटांना आपण हसत आलो. पण तुटपुंज्या पैशात चित्रपट पुरा करून तो थेटरात लावणं ही कारागिरीच आहे. हा अंक त्या कारागिरीसाठी. वाचा, आणि जमलं तर दिवा चालू ठेवून वाचा.