रोजा काट्यावर तोलू नका

ईदच्या दिवशी बीडमध्ये शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर एक प्रश्न हमखास पुढे येतो, "भाई, यंदा किती किलो उतरलं?" दोन-तीन किलो सांगणाऱ्याला शाबासकी मिळते. काही उतरलं नाही म्हणणारा उगाच खजील होतो.

काटा खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही. यकृत आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो. त्यातल्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. रोज्यात साखर खर्च होते, सोबतचं पाणीही जातं. त्यात घामाची भर. इफ्तारनंतर हेच पाणी परत येतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. एका दिवसाच्या उपवासात ती जळत नाही.

रमजानच्या रोज्यांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी घट सव्वा किलोच्या आसपास आढळली, आणि ईदनंतर दोन आठवड्यांतच त्यातली निम्म्याहून जास्त भरून आली. कारण उघड आहे. महिनाभर जेवणाची वेळ बदलते, ताट बदलत नाही. भजी, समोसे आणि सरबत दिवसभराची कसर भरून काढतात. पुढे ईद, दावती आणि जुनी सवय.

दुसरी बाजूही पाहा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सध्या तो उसाच्या गाळप हंगामात येतोय. आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन गेलेला रोजेदार फडात दिवसभर राबतो. त्याचं वजन उतरलं तर ते कौतुकाचं नाही, काळजीचं आहे. पाणी आणि डाळ-अंडी कमी पडली, तर चरबीसोबत स्नायूही झिजतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सहेरी चुकवू नका. इफ्तार खजूर, पाणी, फळांनी सोडा आणि तळलेलं रोज नको. मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल, तर रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला सवलत धर्मानेच दिली आहे. ईदनंतरही ताट थोडं हलकं ठेवलं, तर जे कमावलं ते टिकेल.

रोजा तकव्यासाठी आहे. संयम शिकलो की नाही, ते ईदनंतरचं ताटच सांगेल. काट्याला त्यातलं काय कळणार?