वार्धक्य : मर्जीचे की हक्काचे?

७४व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची यादी केली. तीत दुर्बल घटक आहेत, अपंग आहेत. वृद्धांचा नामोल्लेखही नाही. त्यामुळे त्यांच्यावरील खर्च बहुधा सत्ताधाऱ्यांच्या औदार्यावर विसंबतो. विरंगुळा केंद्र उभे राहते आणि उद्घाटनाच्या फलकालाच मूल्यमापन समजले जाते. तेथे निवृत्तिवेतनधारक येतो. पासष्टाव्या वर्षी चार घरची धुणीभांडी करणारी बाई येत नाही, कारण तिला उसंतच नसते. न आलेल्यांची नोंद कोणतेही हजेरीपत्रक ठेवीत नाही.

भांडवलशाहीच्या माहेरघरी, सॅन फ्रान्सिस्कोत, मतदारांनी २०१६ साली वृद्ध व अपंगांसाठीचा निधी शहराच्या सनदेतच राखून ठेवला. आरंभीची रक्कम वर्षाला ३ कोटी ८० लाख डॉलर. शिवाय दर चार वर्षांनी गरजांची पाहणी बंधनकारक. समाजवादी म्हणविणाऱ्यांनी याहून कमी का मागावे? प्रत्येक प्रभागात वृद्धसंख्येच्या प्रमाणात राखीव तरतूद हवी, आणि सेवा कोणापर्यंत पोहोचली नाही याचा हिशेब महापालिकेने वस्तीच्या जाहीर सभेत द्यावा. येत्या अंदाजपत्रकापूर्वी कार्यकर्त्यांनी ही मागणी घेऊन वस्त्यांत गेले पाहिजे.